विद्यापीठांचे 'जागतिक आरोग्य' आणि आपली वस्ती: ठाणे-नवी मुंबईत नेमके काय घडते?

कळवेकर:

कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने निघून कामोठ्यापर्यंत गेले, की या पट्ट्यात वैद्यकीय शिक्षणाची किती दाटी आहे ते लक्षात येते. कळव्याला ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नेरुळ आणि कामोठे येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालये व अभिमत विद्यापीठे आहेत, आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र आहे, ज्याला सगळे अ‍ॅक्ट्रेक म्हणून ओळखतात. अशा संस्थांच्या माहितीपत्रकांत 'जागतिक आरोग्य' आणि 'सामाजिक बांधिलकी' ही दोन प्रकरणे हमखास वेगवेगळी छापलेली असतात. पहिल्यात परदेशी विद्यापीठांशी झालेल्या करारांची छायाचित्रे असतात आणि दुसऱ्यात रक्तदान शिबिराची.

माझ्या मते ही विभागणीच चुकीची आहे. जगाच्या आरोग्याला ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडल्या, त्यांतल्या कित्येक एखाद्या विद्यापीठाच्या दारातल्या संकटातून आलेल्या आहेत. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना कामासाठी जागा मिळाली ती भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात, आणि तिथे तयार केलेली लस त्यांनी 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीने (कॉलऱ्याने) माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. त्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधल्या आणि त्या पाण्यात मिसळून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. महालनबीस त्या काळी अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातील संशोधन केंद्रात काम करत होते. आज आपल्या मेडिकलच्या दुकानात मिळणारी ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पुडी ही त्या छावणीची देणगी आहे.

क्षयरोगाचेही तेच आहे. रुग्णाला सॅनिटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या निवासी रुग्णालयात, ठेवलेच पाहिजे ही जगभरची समजूत होती. मद्रासमध्ये 1956 पासून झालेल्या अभ्यासात गरीब, दाटीवाटीच्या घरांत राहून औषध घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात असे दिसले आणि तेव्हापासून क्षयरोगाचा उपचार घरी आला. ते काम विद्यापीठाचे नव्हते, भारतीय व ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदा आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे होते, हे खरे. परंतु मुद्दा तोच राहतो.

आता माझा प्रश्न. आमच्या चाळीत आणि मागच्या वस्तीत एका वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात, रक्तदाब मोजतात, शौचालय कुठे आहे, उत्पन्न किती, चूल की गॅस, असे पुष्कळ विचारतात आणि जातात. पुढे त्या माहितीचे काय झाले ते आम्हाला कधीच कळत नाही. हे सर्वेक्षण जगाच्या उपयोगाचे असेलही. पण ज्यांच्या घरातून ते निघाले, त्यांच्या वाट्याला काय येते? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया लिहावे.


खारघरवासी:

धागा चांगला आहे. अ‍ॅक्ट्रेकचा उल्लेख आलाच आहे, म्हणून अलीकडचे एक उदाहरण सविस्तर मांडतो, कारण त्याच्या बातम्या आल्या तरी त्यामागची कामाची वाटणी फारशी कोणी सांगितली नाही.

रक्ताच्या काही कर्करोगांवर कार-टी नावाची उपचारपद्धती आहे. रुग्णाच्या रक्तातील टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) काढतात, कर्करोगग्रस्त बी पेशी (त्यांचाच दुसरा प्रकार) ओळखता याव्यात यासाठी त्यांच्यात जनुकीय बदल करतात, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात आणि त्या पुन्हा रुग्णाला देतात. अमेरिकेत हा उपचार 2017 मध्ये मंजूर झाला आणि त्याची किंमत तीन-चार कोटी रुपयांच्या घरात होती, म्हणजे आपल्यासाठी तो अस्तित्वातच नव्हता. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत या पेशींची भारतीय रचना तयार झाली, तिच्या चाचण्या टाटा स्मारक केंद्राने केल्या, आणि आयआयटीतच उभ्या राहिलेल्या कंपनीने उत्पादन हाती घेतले. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी नेक्सकार-19 या नावाने तिला मान्यता दिली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे औपचारिक लोकार्पण झाले. किंमत अमेरिकेच्या सुमारे एक दशांश आहे. तरीही ती त्या वेळी तीस-चाळीस लाखांच्या आसपास होती, हे विसरू नये.

यात खारघरच्या रहिवाशांचा वाटा काय, असे कोणी विचारले तर मी प्लेटलेट्सचे नाव घेईन. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्याला प्लेटलेट्स वारंवार लागतात. एका दात्याकडून यंत्राद्वारे घेतलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, म्हणून दाता हाकेच्या अंतरावर लागतो. बिहार-बंगालमधून आलेल्या कुटुंबाचे इथे कोणीच नसते. अशा वेळी आमच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप येतो आणि कोणी ना कोणी निघते. प्रयोगशाळेतील शोधाला जगात मान मिळतो; हे शेजारपण मात्र कोणत्याही शोधनिबंधात नोंदले जात नाही.


शंकेखोर:

आपण सर्वजण यशोगाथा सांगत आहात, म्हणून थोडे कडू लिहितो. विद्यापीठाशेजारची गरीब वस्ती जगाच्या ज्ञानासाठी वापरली जाते, तेव्हा त्या वस्तीवर काय जोखीम टाकली जाते, हाही याच धाग्याचा विषय आहे.

टाटा स्मारक केंद्राने 1998 पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास केला. सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट होते. एका गटात दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावून गर्भाशयमुख तपासत. दुसऱ्या गटाला केवळ आरोग्यशिक्षण दिले गेले. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी होते. जगभर टाळ्या पडल्या आणि त्या योग्यच होत्या, कारण पॅप चाचणीसाठी (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या नेहमीच्या तपासणीसाठी) लागणारी प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ नसलेल्या कोणत्याही देशाला हे परवडण्यासारखे होते.

परंतु दुसऱ्या गटातल्या स्त्रियांचे काय? तपासणीचा उपयोग होतो हे अन्य देशांत दशकानुदशके दिसलेले असताना त्यांना इतकी वर्षे तपासणीविना ठेवणे योग्य होते का, हा आक्षेप त्या वेळी जोरात घेतला गेला. अमेरिकेच्या निधीवर चाललेल्या या अभ्यासातील संमतीपत्रात पुरेशी माहिती नव्हती, असा निर्वाळा तिथल्याच सरकारी कार्यालयाने दिला. समर्थकांचे उत्तर असे होते, की त्या काळी भारतात अशी कोणतीही तपासणी योजना नव्हती, म्हणजे दुसऱ्या गटाकडून काही काढून घेतले गेले नाही. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. देशात सोय नसणे ही परिस्थिती असू शकते. त्या परिस्थितीचा संशोधनासाठी उपयोग करणे हा निर्णय असतो.


जुईनगर:

शंकेखोर दादा, आपला आक्षेप मान्य आहे. पण मी तुर्भे आणि दिघ्याच्या वस्त्यांत आरोग्य कार्यकर्ती म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे ही बाजू थोडी आतून सांगते.

व्हिनेगरच्या तपासणीचे शास्त्र अवघड नाही. पांढरा डाग दिसला तर पुढे पाठवायचे, इतकेच. अवघड असते ते त्या बाईला टेबलापर्यंत आणणे. ज्या बाईला काहीच दुखत नाही, तिने दिवसाची मजुरी बुडवून, सासूला आणि नवऱ्याला सांगून, अनोळखी माणसांसमोर तपासणी का करून घ्यावी? तिला हो म्हणायला लावते ती ओळखीची बाई. महाविद्यालयाचे नाव नव्हे. त्या अभ्यासातील कार्यकर्त्या वस्तीतल्या भाषेत बोलणाऱ्या, वर्षानुवर्षे येणाऱ्या होत्या, आणि माझ्या दृष्टीने त्या 31 टक्क्यांतला मोठा हिस्सा त्यांच्या चिकाटीचा आहे.

आणखी एक गोष्ट. डाग दिसल्यावर पुढे काय, हा प्रश्न तपासणीपेक्षा मोठा असतो. शिबिरात तपासून चिठ्ठी दिली आणि रुग्णालयात गेल्यावर त्या चिठ्ठीला कोणी विचारले नाही, असे एकदा घडले की ती गल्ली पुढे कोणत्याही शिबिराला दार उघडत नाही. तुर्भ्याच्या खाणपट्ट्यातल्या मजुरांचे छातीचे एक्स-रे काढणाऱ्या एका संस्थेच्या बाबतीत आम्ही हे अनुभवले आहे. फिल्म निघाल्या, अहवाल कोणाच्या हातात पडलेच नाहीत, आणि नंतर क्षयरोगाच्या थुंकी तपासणीला आम्ही गेलो तेव्हा शिव्या आम्ही खाल्ल्या. विद्यापीठांनी वस्तीत येताना परतीचा रस्ता आधी बांधावा, एवढेच माझे मागणे आहे.


सावली:

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात जन औषधवैद्यकशास्त्र, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा आणि रोगप्रतिबंधाचा विषय, शिकवते. विद्यार्थी त्याला पीएसएम म्हणतात आणि परीक्षा होईपर्यंत त्याचा कंटाळा करतात. संस्थेचे नाव लिहीत नाही, पण कळवेकर काकांनी विचारलेल्या वह्यांचे काय होते हे मला सांगता येईल.

वस्तीशी नाते हा महाविद्यालयांनी स्वखुशीने केलेला उपकार नाही, ती मान्यतेची अट आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाकडे एक नागरी आणि एक ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र असावे लागते आणि इंटर्नना तिथे ठरावीक आठवडे काम करावे लागते. या कल्पनेचा उगम 1946 च्या भोर समितीच्या, म्हणजे देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या समितीच्या, अहवालात आहे. डॉक्टर हा 'सामाजिक वैद्य' असावा, असे त्या अहवालाने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मांडले होते. 1977 मध्ये प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकास गटांची आरोग्यसेवा सांभाळावी अशी योजना आली आणि बहुतेक ठिकाणी ती गाड्यांच्या डिझेलच्या खर्चापाशी अडून संपली. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला, ज्यात एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबांशी संबंध ठेवायचा असतो. काकांकडे येणारी मुले बहुधा त्यातलीच असावीत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने 1969 पासून प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक देण्याची जी रीत ठेवली आहे, तिचीच ही देशव्यापी आवृत्ती म्हणता येईल. फरक असा, की सेवाग्रामला विद्यार्थी त्या गावात मुक्कामाला राहतात. आमच्याकडे ते बसने जातात आणि दुपारच्या तासाला परततात.

वह्यांतील माहितीचे तीन मार्ग असतात. काही माहिती केवळ विद्यार्थ्याच्या गुणांसाठी असते आणि ती कपाटात जाते. काही माहितीवर पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध होतो, तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात इंग्रजीत पडून राहतो. थोडी माहिती शोधनिबंधापर्यंत पोहोचते. वस्तीपर्यंत परत जाण्याचा चौथा मार्ग नियमांत सुचवलेला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे समुदायाला निष्कर्ष कळवण्याविषयी आणि लाभाच्या वाटपाविषयी स्पष्ट बोलतात. पण त्यासाठी ना अंदाजपत्रकात रक्कम असते, ना अध्यापकाच्या बढतीच्या तक्त्यात गुण. शोधनिबंधाला गुण आहेत, चाळीच्या अंगणात मराठीत सांगितलेल्या निष्कर्षाला नाहीत. जुईनगर ताईंनी मागितलेला परतीचा रस्ता न बांधला जाण्याचे हे खरे कारण आहे, आणि ते दुष्ट हेतूपेक्षा दूर करायला अवघड आहे.

तरीही चांगले घडते तेव्हा ते फार चांगले असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या सहकार्याने 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. जन्मतः किडकिडीत दिसणाऱ्या आपल्या बाळांत चरबीचे प्रमाण मात्र युरोपीय बाळांच्या तुलनेत अधिक असते, हे त्यातून समोर आले, आणि मधुमेहाची मुळे गर्भावस्थेपर्यंत जातात या विचाराला जगभर बळ मिळाले. तो अभ्यास एका प्रबंधाबरोबर संपला नाही. ती बाळे मोठी झाली, त्यांचीही मुले झाली, आणि संशोधक त्याच गावांत जात राहिले.


इंटर्न_रात्रपाळी:

सावली मॅडम, आपण लिहिलेले बरोबर आहे, पण विद्यार्थ्यांची बाजूही नोंदवावीशी वाटते. मला दत्तक मिळालेली कुटुंबे दिवा स्थानकाजवळ होती. पहिल्या भेटीत एका आजींनी गुडघ्यावर औषध मागितले, आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला शरीररचनाशास्त्रापलीकडे काही येत नाही हे त्यांना कसे सांगावे ते मला कळेना. तिसऱ्या वर्षी मला थोडे कळू लागले, तेव्हा ते भाड्याचे घर सोडून कुटुंब बदलापूरला गेले होते. आमच्या पट्ट्यात कुटुंबे एका पत्त्यावर टिकत नाहीत, आणि कार्यक्रम मात्र ती टिकतील असे गृहीत धरतो. पुढे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा ताण सुरू झाला की भेटींच्या नोंदी कशा 'पूर्ण' होतात, हे आपणांस ठाऊक आहेच.


माहुली:

धागा वैद्यकीय महाविद्यालयांपाशीच फिरतो आहे, म्हणून शहापूरकडून लिहितो. मी इथल्या कला-वाणिज्य महाविद्यालयात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहतो. आमच्याकडे आरोग्य म्हणजे पावसाळ्यातला सर्पदंश, पाड्यावरचे पाणी आणि वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांच्या मुलांचे लसीकरण. या तिन्ही प्रश्नांसाठी एमबीबीएस असण्याची गरज नाही.

सर्पदंशाचेच घ्या. भारतात त्याने किती माणसे मरतात, हे फार काळ नीट माहीतच नव्हते, कारण रुग्णालयात पोहोचण्याआधी मेलेल्या माणसाची नोंद रुग्णालयात होत नाही. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने आणि टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन मृत व्यक्तीच्या नातेवाइकांना मृत्यूपूर्वीची लक्षणे विचारली आणि त्यावरून कारण ठरवले. त्या माहितीवर आधारलेल्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत स्थान दिले, तेव्हा अशाच आकडेवारीचा आधार होता. कळवेकर साहेब, आपल्याला निरर्थक वाटणारे प्रश्न कधी कधी इथवर पोहोचतात. अर्थात ज्या घरात त्यांनी मृत्यूची चौकशी केली, तिथे प्रतिविष पोहोचले का, हा आपला प्रश्न उरतोच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालणारे प्रतिविष आपल्याकडे आहे, पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासांनी दाखवले आहे, की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि प्रतिविषाचा गुण त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. म्हणजे आमच्या पाड्यावरचा साप हाही संशोधनाचा विषय आहे.

एक गोष्ट विद्यापीठांना टोचेल अशी. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध उपयोगी पडते, हे जगाला दाखवले महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. कोकणातल्या लाल विंचवाने दंश केलेल्या माणसांवर उपचार करता करता त्यांनी नोंदी ठेवल्या आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्या प्रसिद्ध झाल्या. त्यामागे कोणत्याही विद्यापीठाची प्रयोगशाळा नव्हती. प्राध्यापकांनी भरलेल्या मोठ्या विभागांनी आपल्या बाह्यरुग्ण विभागातल्या नोंदी तितक्या कळकळीने ठेवल्या असत्या, तर पनवेल-उरणच्या मजुरांच्या आजारांविषयी आज आपल्याला कितीतरी अधिक माहिती असती.

राष्ट्रीय सेवा योजनेबद्दल थोडक्यात. विद्यार्थ्याला दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. पहिल्या दिवशी उद्घाटन, शेवटच्या दिवशी समारोप आणि मधले दोन दिवस पाहुण्यांची व्याख्याने, अशी शिबिरे मीही घेतली आहेत. आता आम्ही सलग एकाच पाड्यावर जातो आणि फक्त दोन कामे करतो: पाण्याच्या स्रोतात मेडिक्लोर (पाणी निर्जंतुक करणारे क्लोरीनचे द्रावण) आहे का ते पाहणे आणि साप चावल्यास कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे ते प्रत्येक घरात लिहून लावणे. छायाचित्र फारसे चांगले येत नाही, पण काम होते.


शंकेखोर:

माहुली सर, आपला प्रतिसाद आवडला. खारघरवासींच्या कार-टीच्या किमतीकडे पुन्हा येतो, कारण विद्यापीठाचे सर्वांत मोठे योगदान कधी कधी शोधात नसून तो शोध कोणाच्या हाती कोणत्या अटींवर दिला यात असते.

एचआयव्हीवरील स्टॅव्हुडिन या औषधाचा उपयोग येल विद्यापीठात शोधला गेला आणि त्याचा परवाना एका बड्या औषध कंपनीला देण्यात आला. 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेत माणसे औषधाविना मरत असताना येलच्याच विद्यार्थ्यांनी आणि संशोधक विल्यम प्रुसॉफ यांनी विद्यापीठावर दबाव आणला, तेव्हा कंपनीने तिथे पेटंटचा हक्क बजावणार नाही असे मान्य केले. त्याच वर्षी सिप्ला या भारतीय औषध कंपनीने तीन औषधांचे मिश्रण वर्षाला 350 डॉलरला देऊ केले. तोपर्यंत हा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. हे शक्य झाले ते आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यामुळे, ज्यात औषधाऐवजी ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळत असे. नवी मुंबईच्या महापे-तुर्भे पट्ट्यात वाढलेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या घरात औषध कारखान्याचा पगार आला आहे, त्यामुळे हा इतिहास परका वाटू नये.

म्हणून माझे म्हणणे: सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने शोध विकताना सार्वजनिक रुग्णालयांसाठी किंमत बांधून घ्यावी. निव्वळ 'स्वदेशी' म्हणून अभिमान बाळगण्यापेक्षा ही मागणी मला महत्त्वाची वाटते.


खारघरवासी:

किंमत बांधून घेण्याला माझा विरोध नाही. फक्त प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे पेशी तयार कराव्या लागतात, गोळ्यांप्रमाणे एका घाण्यात लाखो नव्हे, हे लक्षात घ्यावे. रुग्णसंख्या आणि उत्पादनक्षमता वाढल्याखेरीज खर्च फार उतरणार नाही.


सावली:

खासगी अभिमत विद्यापीठांकडून काही होणार नाही, असा सूर मला खासगी संदेशांत दिसला, म्हणून एक उदाहरण देते. मंगळुरूच्या येनेपोया या अभिमत विद्यापीठातील डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरी धान्य दिले. रुग्णाला दरमहा सुमारे 10 किलोचा शिधा सर्वत्र मिळाला. निम्म्या भागांत त्याच्या घरच्या प्रत्येक माणसालाही दरमहा 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ देण्यात आली. 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी होते. कोणतीही नवी लस नाही, कोणतेही नवे औषध नाही. शंकेखोरांचा दुसऱ्या गटाचा आक्षेप इथेही लागू होतो, तरी रुग्णाला दोन्हीकडे धान्य मिळाले हा फरक महत्त्वाचा आहे.

भिवंडीच्या यंत्रमागांच्या खोल्यांत, मुंब्र्यात, दिघ्यात क्षयरोग आहे. या निष्कर्षाचा उपयोग करण्यासाठी आपल्या महाविद्यालयांना परदेशी कराराची वाट पाहावी लागत नाही. नागरी प्रशिक्षण केंद्राच्या हद्दीतील रुग्णांची यादी पालिकेकडे असते, इंटर्न आमच्याकडे असतात. रुग्णाच्या घरातल्या इतर माणसांचे वजन दरमहा कोणी करायचे आणि शिधा कोणाकडून मिळवायचा, एवढेच ठरवायचे आहे.


कळवेकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सावली ताई, एक नेमका प्रश्न. आम्हा रहिवाशांना या कामात शिबिराला येणारी गर्दी याखेरीज काही स्थान आहे का? म्हणजे एखाद्या सर्वेक्षणाच्या आधी, आमच्याकडून काय घेणार आणि काय परत देणार, हे विचारण्याचा अधिकार कुठे बजावता येतो?


सावली:

येतो, काका. माणसांवर संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असते. 2019 च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार तिच्यात किमान सात सदस्य लागतात, त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ आणि एक स्त्री सदस्य असावीच लागते. निम्मे सदस्य आणि अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचे असावे लागतात. सामान्य नागरिकाची जागा अनेकदा कोणाच्या तरी ओळखीच्या निवृत्त गृहस्थाने भरली जाते, कारण वस्तीतून कोणी विचारणाच करत नाही. संमतीपत्राचा मराठी मसुदा त्या सदस्याला वाचून कळला पाहिजे, हीच त्याच्याकडून अपेक्षा असते. वैद्यकीय ज्ञान लागत नाही, थोडे प्रशिक्षण संस्था देते.

आपल्या भागात येणाऱ्या विद्यार्थ्याकडे संमतीपत्राची प्रत मागा. संशोधन असेल, तर तिच्यावर प्रमुख संशोधकाचे नाव आणि नैतिकता समितीचा संपर्क असतो. समितीच्या सदस्य सचिवांना पत्र लिहून दोन गोष्टी विचारा: निष्कर्ष वस्तीला कोणत्या महिन्यात आणि कोणत्या भाषेत सांगितले जातील, आणि तपासणीत आजार आढळलेल्यांचा पाठपुरावा कोणता विभाग करील. पत्राची एक प्रत जन औषधवैद्यकशास्त्र विभागप्रमुखांना द्या. जुईनगर ताईंसारखी एखादी अनुभवी कार्यकर्ती सामान्य नागरिक म्हणून समितीवर येण्यास तयार असेल, तर तिचेही नाव त्याच पत्रात सुचवता येईल.


जुईनगर:

मी तयार आहे. फक्त बैठक दुपारी तीननंतर ठेवावी. सकाळी पोलिओच्या फेऱ्या असतात.